मेरामेक ओलांडून : २४ डिसेंबर २०१५ ते १ जानेवारी २०१६

२४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सेंट लुईसच्या पश्चिमेकडील बॉलविन या उपनगरातून आम्ही चौघे निघालो: मी, माझे यजमान, नऊ वर्षांची लेक आणि दोन महिन्यांपूर्वी संगमनेर तालुक्यातून आलेले माझे वडील, आप्पा. डॅलसजवळच्या गार्लंडला माझा मोठा भाऊ राहतो. नाताळची सुट्टी दादाकडे काढून सत्तावीसला परतायचे, असा बेत होता. अंतर साधारण सव्वासहाशे मैल, म्हणजे हजार किलोमीटरचे आहे.

घरापासून थोड्याच अंतरावर आय-४४ हा महामार्ग मेरामेक नदी ओलांडतो. आप्पांना कोणतीही नदी दिसली की तिचे नाव विचारल्याशिवाय राहवत नाही. पुलाखाली गढूळ, संथ, दोन्ही काठांवर ओळीने निष्पर्ण झाडे असलेली ती नदी पाहून ते म्हणाले, "आपली प्रवरा मार्गशीर्षात अशीच दिसते." पुढे दिवसभर मिसूरीच्या ओझार्क टेकड्या, ओक्लाहोमाची गवताळ माळराने आणि टेक्सासची सीमा मागे पडत गेली. हवा स्वच्छ आणि ऋतूच्या मानाने उबदार होती. त्या दिवसाविषयी लिहिण्यासारखे याहून अधिक काही नाही.

२६ डिसेंबर, शनिवार

नाताळचा दिवस जेवणखाण आणि गप्पांत गेला, तो मी सोडून देते. सव्वीसला सकाळी मात्र आप्पा अंगणातून आत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. डिसेंबर संपत आला असता अंगात सुती सदरा पुरेल इतकी उष्ण आणि दमट हवा होती आणि दक्षिणेकडून सारखा वारा सुटला होता. "हा वारा पावसाचा आहे, आणि साध्या पावसाचा नाही," असे ते म्हणाले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिच्या आदल्या दिवशी आमच्या शिवारात असाच उकाडा होता, हे त्यांनी दोनदा सांगितले.

दूरचित्रवाणीवरील नकाशा पाहिल्यावर त्या वाऱ्याचा अर्थ कळला. न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासच्या वर, उंच वातावरणात, कमी दाबाचे एक खोल क्षेत्र जवळजवळ ठाण मांडून बसले होते. त्याच्या पूर्वेच्या अंगाने मेक्सिकोच्या आखातातील उष्ण बाष्प उत्तरेकडे ओढले जात होते, तर उत्तरेकडून जड, अतिथंड हवा सपाट मैदानांवरून खाली घसरत होती. या दोन हवांच्या सीमेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जे काही घडणार होते, त्याची यादी निवेदक वाचून दाखवत होता: न्यू मेक्सिको व पश्चिम टेक्सासमध्ये हिमवादळ, ओक्लाहोमात गोठता पाऊस, मिसूरीत पूर, आणि आम्ही बसलो होतो तेथे, उत्तर टेक्सासमध्ये, चक्रवात, म्हणजे टॉर्नेडो. एकच वादळ एका देशात एकाच दिवशी इतक्या तऱ्हांनी कोसळू शकते, हे मला तोवर केवळ पुस्तकातून ठाऊक होते.

इथल्या हवामान सेवेच्या सूचनांमध्ये दोन पायऱ्या असतात. 'वॉच' म्हणजे परिस्थिती चक्रवाताला पोषक आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे चक्रवात दिसला आहे किंवा रडारवर त्याची फिरकी आढळली आहे, ताबडतोब आसरा घ्या. दुपारभर पहिली सूचना होती. संध्याकाळी साडेसहानंतर दुसरी आली, सर्वांचे फोन एकदम किंचाळू लागले आणि पाठोपाठ गावाचा भोंगा वाजू लागला. मिसूरीतल्या आमच्या घराला तळघर आहे, पण डॅलसच्या बाजूला चिकणमातीच्या जमिनीमुळे घरांना तळघरे क्वचितच असतात. त्यामुळे घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेल्या कपड्यांच्या खोलीत आम्ही सातजण दाटीवाटीने बसलो. वहिनीने मुलांच्या डोक्यांवर सायकलची शिरस्त्राणे चढवली आणि वरून गाद्या ओढून घेतल्या. दिवे दोनदा मिणमिणले. आप्पांनी माझ्या लेकीचा हात धरून ठेवला होता आणि ते हलक्या आवाजात रामरक्षा म्हणत होते. भोंगा थांबला तेव्हा सर्वांत आधी जाणवली ती छपरावर पडणाऱ्या पावसाची साधी सळसळ, आणि तिचे मला किती बरे वाटले हे सांगता येणार नाही.

तो चक्रवात आमच्या आग्नेयेकडून काही मैलांवरून गेला होता. सनीवेल, गार्लंड आणि रोलेट या गावांतून सुमारे तेरा मैल त्याने वाट कापली. नंतरच्या पाहणीत हवामान सेवेने त्याची गणना ईएफ-४ या वर्गात (शून्य ते पाच या तीव्रतेच्या मापनश्रेणीत) केली आणि वाऱ्याचा कमाल वेग ताशी १८० मैल, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर, असा ठरवला. त्यात दहा माणसे दगावली. त्यांतील बहुतेकजण आय-३० आणि जॉर्ज बुश टर्नपाइक जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आपापल्या मोटारींत होते. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, अंधार पडलेला, बाहेरगावाहून परतणारी कुटुंबे. रेडिओ लावलेला नसेल तर त्यांना काहीच कळले नसणार. दोन दिवसांपूर्वी आम्हीही असेच, गाणी लावून, अंधारात गावाकडे येत होतो. उत्तर टेक्सासमध्ये त्या दिवशी एकूण बारा चक्रवात झाले.

२७ डिसेंबर, रविवार

निघावे की थांबावे, यावर सकाळी बराच खल झाला. माझ्या यजमानांना मंगळवारी कामावर हजर राहायचे होते आणि पूर्वेकडील मार्गावर 'केवळ पाऊस' आहे असे दिसत होते. त्या 'केवळ' या शब्दाने आमची फसगत केली. आज विचार करता मला वाटते की आम्ही दादाकडेच दोन दिवस राहायला हवे होते आणि हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण अशा प्रसंगी नोकरीची एक तारीख कुटुंबाच्या जिवापेक्षा मोठी वाटू लागते व तसे वाटत आहे हे लक्षातही येत नाही.

नऊ वाजता निघालो तेव्हा वारा पूर्ण फिरला होता. आदल्या दिवशीचा दक्षिणवारा जाऊन उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा मारत होता. शर्मनपर्यंत रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या तुडुंब भरलेल्या दिसल्या. रेड नदी ओलांडून ओक्लाहोमात शिरल्यावर अटोका, मॅकॲलेस्टर या गावांदरम्यान रस्ता दिसेनासा होईल इतका पाऊस लागला. एके ठिकाणी पुढे मालमोटारींची रांग खोळंबली होती, तेव्हा फोनमधल्या नकाशाने वेळ वाचवणारा एक आडरस्ता सुचवला आणि आम्ही तो धरला. दोन मैलांवर रस्ता उतरून एका ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाकडे जात होता आणि पूल दिसत नव्हता. दिसत होते ते रस्त्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरलेले, वरून शांत भासणारे तपकिरी पाणी. यजमान म्हणाले की फूटभरच असेल. मागच्या आसनावरून आप्पा एकदम मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, गाडी मागे घ्या. पाण्याचा रंग बघा, ते वाहतं आहे. खाली रस्ता राहिला आहे की वाहून गेला, ते तुम्हाला वरून कळायचं नाही."

गाडी मागे घेतली. या देशात हवामान सेवेचे एक घोषवाक्य जागोजागी लिहिलेले असते, त्याचा अर्थ 'मागे वळा, बुडू नका' असा आहे. फूटभर वाहते पाणी लहान मोटार तरंगवते आणि दोन फूट पाणी बहुतेक सर्व वाहने ओढून नेते. त्याच वादळाच्या पुरात मिसूरीत जी माणसे गेली, त्यांपैकी बहुसंख्य आपापल्या वाहनांतूनच वाहून गेली. त्यांत फोर्ट लिओनार्ड वुड या लष्करी तळावर परदेशांतून प्रशिक्षणासाठी आलेले चार जवानही होते. ही बातमी मी दुसऱ्या दिवशी वाचली आणि तो तपकिरी ओढा पुन्हा डोळ्यांसमोर आला.

एरवी साडेचार तासांत होणारे अंतर कापायला आम्हाला नऊ तास लागले. अंधार पडल्यावर विनीटा या गावी रस्त्यालगतच्या एका मोटेलात खोली मिळाली.

२८ डिसेंबर, सोमवार

सकाळी मोटेलच्या दारात पाऊल टाकताच लेक घसरून पडली. रात्रीतून तापमान गोठणबिंदूखाली गेले होते आणि पाऊस चालूच होता. थेंब पाण्याचाच पडत होता, पण ज्यावर पडेल त्यावर क्षणात गोठत होता. मोटारीचे दार उघडेना. यजमान प्लॅस्टिकच्या खरवडणीने समोरची काच मोकळी करत असताना मी आणि आप्पा कडेच्या कुरणाच्या कुंपणाशी उभे होतो. काटेरी तारेचा प्रत्येक काटा काचेच्या वेगळ्या मण्यात बसवल्यासारखा झाला होता, वाळलेल्या गवताची काडी करंगळीएवढी जाड झाली होती आणि वारा आला की सारे कुरण किणकिणत होते. आप्पांनी एक काडी मोडून हातात धरली आणि ती वितळून बोटांतून ओघळेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

असे का होते, असे त्यांनी विचारले तेव्हा मी जमेल तसे समजावले. आखाताकडून आलेली उबदार हवा हलकी असल्याने थंड हवेच्या वर चढून बसते. ढगातून निघालेला हिमकण त्या उबदार थरात वितळून थेंब होतो. जमिनीलगतचा थंड थर पातळ असेल तर थेंबाला पुन्हा गोठायला वेळ मिळत नाही. तो अतिशीत पाणी म्हणूनच खाली येतो आणि तारेला, फांदीला, रस्त्याला स्पर्श होताच गोठतो. हाच थंड थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठून बारीक बर्फकण होतात, त्याला इकडे 'स्लीट' म्हणतात. तेथेच उबदार थर नसेल तर बर्फ पडतो आणि थंड थर नसेल तर पाऊस. आप्पा म्हणाले, "म्हणजे साऱ्या देशावर एकच ढग, आणि कुणाच्या पदरात काय पडायचं ते मधल्या हवेच्या थरावर." वादळाचे याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

ओक्लाहोमाच्या मध्य आणि पश्चिम भागात या गोठत्या पावसाने झाडे आणि विजेच्या तारा मोडून लाखाहून अधिक घरांची वीज गेली होती. आम्ही होतो तो पूर्वेकडील पट्टा त्यामानाने सुदैवी होता. दुपारी मीठ टाकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाऊन आल्यावर, ताशी तीस मैलांहून अधिक वेग न घेता, आम्ही निघालो. जॉप्लिन लागले. २२ मे २०११ च्या चक्रवातात या एका गावात दीडशेहून अधिक माणसे गेली होती. महामार्गावरून त्याची कोणतीही खूण दिसली नाही, फक्त बर्फकणांचा ताशा काचेवर वाजत होता. सायंकाळी स्प्रिंगफील्डला मुक्काम केला.

२९ डिसेंबर, मंगळवार

घर आता दोनशे मैलांवर होते, पण पूर्वेकडील मार्गाविषयी सतत वाईट बातम्या येत होत्या. मिसूरीचे गव्हर्नर जे निक्सन यांनी रविवारीच आणीबाणी जाहीर केली होती. मिसूरीच्या दक्षिण आणि पूर्व भागांवर तीन दिवसांत काही ठिकाणी दहा इंचांहून अधिक पाऊस पडला होता, कारण उष्ण आणि थंड हवेची सीमा तेथे अडकून पडली आणि ढगांमागून ढग त्याच रुळावरून गेल्यासारखे जात राहिले. हिवाळ्यात झाडांना पाने नसतात, माती आधीच भिजलेली असते आणि पडेल ते सारे पाणी नदीला मिळते.

या वेळी नकाशावर विसंबलो नाही. राज्याच्या रस्ते विभागाच्या दूरध्वनीवर चौकशी करून सरळ पूर्वेला जाण्याऐवजी यू.एस. ६५ या महामार्गाने उत्तरेला सेडेलियाच्या पुढे गेलो आणि आय-७० पकडून कोलंबियामार्गे सेंट लुईसकडे आलो. रोचपोर्टच्या पुलावरून मिसूरी नदी ओलांडताना खालचे पाणी झाडांच्या बुंध्यांत शिरलेले दिसले. मोठा वळसा पडला, पण रस्ता कोरडा होता. संध्याकाळी सहाला घराचे कुलूप उघडले.

३० डिसेंबर, बुधवार

आम्हाला वाटले होते की संकट संपले. पाऊस थांबून दोन दिवस होत आले होते, ऊन पडले होते, आणि नदी मात्र चढतच होती. ओझार्क टेकड्यांतले बूर्ब्यूज आणि बिग या उपनद्यांचे पाणी मेरामेकमधून खाली उतरायला इतका वेळ लागतो. आकाश निळे असताना पुराची वाट पाहणे हा माझ्यासाठी या प्रवासातला सर्वांत अवघड भाग होता.

फेंटन या नदीकाठच्या गावात वाळूच्या पिशव्या भरायला माणसे हवी होती. मी आणि आप्पा गेलो. वाळूच्या ढिगाभोवती शाळकरी मुले, त्यांचे आईवडील आणि जवळच्या चर्चमधली मंडळी फावडी घेऊन राबत होती. आप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि मग तोंडापर्यंत गच्च भरलेली एक पिशवी उचलून, जवळच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलासमोर ती अर्धी रिकामी केली. "गोणी शिगोशीग भरली तर थर बसत नाही, मधून पाणी निघतं," असे त्यांनी मला सांगितले आणि मी ते भाषांतरित केले. अर्धी-पाऊण भरलेली पिशवी आडवी टाकून, तोंड खाली दुमडून, पायाने दाबायची आणि पुढची पिशवी विटेसारखा सांधा मोडून ठेवायची. शेततळ्याचे आणि पाटाचे फुटलेले बांध त्यांनी आयुष्यभर असेच बुजवले आहेत. तो मुलगा आणि आप्पा यांनी नंतर तीन तास एकमेकांच्या भाषेतला एकही शब्द न वापरता भिंत रचली.

त्या रात्री व्हॅली पार्कपाशी आय-४४ महामार्ग पाण्याखाली जाऊ लागला आणि बंद करण्यात आला. ज्या रस्त्याने आम्ही चोवीस तारखेला निघालो होतो तोच हा रस्ता.

३१ डिसेंबर, गुरुवार

१४१ क्रमांकाच्या रस्त्यावर जेथवर जाऊ देत होते तेथवर, चढावरच्या अडथळ्यापर्यंत, दुपारी चालत गेलो. खाली रस्ता नव्हताच, तपकिरी पाण्याचा पट पसरला होता आणि त्यातून दिशा दाखवणाऱ्या फलकांची डोकी वर आली होती. व्हॅली पार्कला मेरामेकने त्या दिवशी ४४.११ फूट ही तोवरची विक्रमी उंची गाठली. गावाभोवतीचा मातीचा तट लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेला आहे, तो टिकला. नदीकाठच्या इतर वस्त्या मात्र बुडाल्या, मैलापाणी शुद्ध करणारे दोन प्रकल्प बंद पडून सारी घाण नदीत मिसळली आणि आर्नोल्डजवळ आय-५५ हाही महामार्ग बंद करावा लागला.

आप्पा बराच वेळ काठावर उभे होते. "हीच का ती, प्रवरेसारखी?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले.

१ जानेवारी, शुक्रवार

नववर्षाच्या सकाळी चहा घेताना पश्चिम टेक्सासची बातमी लागली. सव्वीस तारखेला निवेदकाने 'हिमवादळ' असा जो एकच शब्द उच्चारला होता आणि चक्रवाताच्या भीतीत आम्ही ज्याकडे दुर्लक्ष केले होते, तिकडे काय झाले ते आता कळत होते. लबकपासून पश्चिमेला म्यूलशूपर्यंत आणि उत्तरेला फ्रायोनापर्यंतच्या पट्ट्यात टेक्सासच्या दुभत्या गाईंपैकी एक तृतीयांशाहून अधिक गाई आहेत. हिमवादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात आणि कुंपणाच्या कोपऱ्यात अडकतात. त्यावर वाऱ्याने बर्फाचे ढीग चढत गेले, काही ठिकाणी चौदा फुटांपर्यंत. एकट्या टेक्सासच्या त्या पट्ट्यात पंधरा हजार मोठ्या दुभत्या गाई दगावल्याचा पहिला अंदाज होता. ज्या जगल्या त्यांपैकी कित्येकींची दोन-दोन दिवस धार काढता आली नव्हती, आणि जे दूध निघाले ते टँकर पोहोचू न शकल्याने ओतून द्यावे लागले होते.

आप्पांनी बशी खाली ठेवली. चाळीस वर्षे पहाटे चारला उठून त्यांनी गाईंच्या धारा काढल्या आहेत आणि दूध संघाच्या गाडीपर्यंत किटल्या पोहोचवल्या आहेत. "दोन दिवस?" त्यांनी विचारले. "दोन दिवस धार निघाली नाही म्हणजे कासेला दगड होतो, पोरी. ती हंबरत राहते. आणि ज्याची आहे त्याला घरात बसून ते ऐकू येतं." पडद्यावर एक शेतकरी बर्फातून वर आलेल्या कुंपणाच्या खांबाशी उभा राहून काहीतरी सांगत होता. आप्पांनी मला त्याचे बोलणे भाषांतरित करू दिले नाही. तो काय म्हणत असेल ते आपल्याला समजते आहे, असे त्यांनी हाताने खुणावले.

मग त्यांनी माझा फोन मागितला. संगमनेरला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गोठ्यावरच्या गड्याने फोन उचलल्यावर त्यांनी नववर्षाचे काही म्हटले नाही, पुराचेही काही सांगितले नाही. थंडी किती आहे, गोठ्याच्या उत्तरेच्या बाजूला बारदान बांधले आहे का आणि नवी कालवड आत घेतली आहे का, एवढेच विचारले. बाहेरच बांधली आहे असे उत्तर आले असावे, कारण ते म्हणाले, "आत्ता घे. मी फोन धरून उभा आहे." आणि पलीकडून दावे सोडल्याचा, खुरांचा आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ते खरोखरच स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोन कानाला लावून उभे राहिले.